फुप्फुसातील गुठळी आणि रक्ताचे साधे आकडे

पायाच्या खोल नीलेत साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटते, हृदयाच्या उजव्या भागातून पुढे ढकलली जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. या विकारास फुप्फुसाचे अंतर्कीलन म्हणतात. जर्मन वैद्य रुडोल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची उकल केली. गुठळी लहान असेल तर थोडी धाप लागते. मोठी असेल तर काही तासांतच मृत्यू ओढवू शकतो.

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड ही अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेली जुनी वसाहत आहे. आज तेथे संगणक-उद्योगात तासन् तास खुर्चीत बसून राहणारे हजारो लोक आहेत आणि मोठी रुग्णालयेही आहेत. (बसून राहिल्याने पायांतील रक्तप्रवाह मंदावतो, हे गुठळीचे एक कारण होय.) धाप लागलेल्या रुग्णात गुठळीचे निदान झाले, की वैद्यापुढे प्रश्न उभा राहतो: याला घरी पाठवता येईल, की अतिदक्षता विभागात ठेवावे?

२०१० साली प्रसिद्ध झालेली एक सोपी मोजणी वय, कर्करोग, हृदय-फुप्फुसाचे जुने विकार, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू एवढेच पाहते. तीत शून्य गुण पडलेल्यांपैकी महिन्याभरात सुमारे १ टक्का दगावले; एक वा अधिक गुण पडलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के. तिच्या जोडीला रक्तातील ट्रोपोनिन पाहतात. ते वाढले असेल तर हृदयाच्या स्नायूस इजा झाली असे समजावे.

पण नेहमीच्या सीबीसी तपासणीतही सूचना दडलेल्या असतात. शरीरावर ताण पडला की पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल वाढतात व लिम्फोसाइट घटतात. हे प्रमाण फार चढलेले रुग्ण अधिक दगावतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. तांबड्या पेशींच्या आकारातील विषमता, म्हणजे अहवालातील आरडीडब्ल्यू, हीही तशीच सूचक ठरते.

येथे मात्र भारतीय वैद्याने थबकावे. लोहाच्या कमतरतेनेही ही विषमता वाढते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा परदेशी रुग्णांवरून ठरवलेली मर्यादा जशीच्या तशी लावल्यास रक्तक्षयाची साधी रोगीणही मृत्युपंथाला लागलेली वाटेल. रुग्णाचा जुना अहवाल हाती असेल तर तो आधी पाहावा. नव्याने चढलेला आकडा आणि वर्षानुवर्षे चढलेलाच आकडा यांचा अर्थ एक नव्हे.