चाकांवरचे घर आणि अर्ध्यावर सोडलेले कॉलेज

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळे जमले होते. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या पुतण्याने शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "चाचा, मी कॉलेज सोडतोय. जुनी व्हॅन घेणार, तिच्यातच राहणार आणि देश फिरणार." त्याची अम्मी रडू लागली. अब्बांनी तर बोलणेच सोडले. आम्ही त्याच्याकडचे व्हिडिओ पाहिले आणि पुढे महिनाभर या विषयावर मिळेल ते वाचले. हा प्रश्न उद्या कोणत्याही घरात येऊ शकतो, म्हणून हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

ही हवा अमेरिकेतून आली. फॉस्टर हंटिंग्टन या तरुणाने २०११ मध्ये न्यूयॉर्कची नोकरी सोडली, १९८७ सालची एक फोक्सवॅगन व्हॅन घेतली आणि 'व्हॅनलाइफ' या नावाखाली प्रवासाचे फोटो टाकायला सुरुवात केली. बघता बघता हजारो तरुण त्या वाटेने गेले. त्यांत कॉलेज अर्ध्यावर सोडणारेही होते.

गाडीचे घर करण्याची रीत तशी सोपी आहे. पत्र्याला आतून थंडी-उष्णता अडवणारा थर लावायचा, त्यावर प्लायवुड बसवायचे. पलंगाखाली सामानाचे कप्पे, छतावर सौर पॅनेल, आत बारा व्होल्टची बॅटरी, पाण्याची टाकी आणि छोटी शेगडी. व्हिडिओत एवढे दिसते. हिवाळ्यात माणसाच्या श्वासातली वाफ पत्र्यावर जमून गळते आणि अंथरुणाला बुरशी लागते, हे दिसत नाही. बंद गाडीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो, हेही कोणी सांगत नाही.

शिवाय रोज रात्री गाडी लावायची कुठे? अमेरिकेत सरकारी मोकळ्या जमिनींवर साधारण चौदा दिवस राहता येते, मग जागा बदलावी लागते. शहरांचे नियम आणखी कडक. सार्वजनिक जागेत मुक्काम ठोकणाऱ्यांना दंड करण्याचा शहरांचा अधिकार तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये मान्य केला आहे.

पण खरी गाठ कर्जाची आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या डोक्यावर एकूण १.६ लाख कोटी डॉलरहून अधिक कर्ज आहे. कॉलेज सोडले की बहुतेक सरकारी कर्जांना सहा महिन्यांची सवलत मिळते, मग हप्ते सुरू. पदवी हाती आहे की नाही, हे हप्ता विचारत नाही. कर्ज थकवणाऱ्यांत पदवीधरांपेक्षा शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्यांचे प्रमाण जास्त असते, कारण कर्ज आहे पण ते फेडणारी नोकरी नाही.

याच व्हॅनची दुसरी गोष्ट केन इलगुनास यांची. पदवी घेतली तेव्हा त्यांच्यावर ३२ हजार डॉलरचे कर्ज होते. अलास्कात मिळेल ते काम करून त्यांनी ते तीन वर्षांच्या आत फेडले. पुढे शिकायचे होते, पण पुन्हा कर्ज नको होते. म्हणून २००९ मध्ये ड्यूक विद्यापीठात प्रवेश घेताना त्यांनी १५०० डॉलरला १९९४ सालची फोर्ड व्हॅन घेतली आणि विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये मुक्काम केला. स्वयंपाक व्हॅनमध्ये, अंघोळ जिममध्ये, अभ्यास लायब्ररीत. २०११ मध्ये एक पैशाचेही देणे न ठेवता ते पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले. लोक व्हॅनसाठी कॉलेज सोडतात, हा माणूस कॉलेजसाठी व्हॅनमध्ये राहिला.

पुतण्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "चाचा, इब्न बतूताही एकविसाव्या वर्षी घर सोडून निघाला होता ना?" निघाला होता खरा, १३२५ मध्ये, तंजाहून हजसाठी. पण तो फिक्ह शिकून निघाला होता आणि वाटेतही आलिमांपाशी शिकत राहिला. त्या इल्मवरच त्याला दिल्लीत आणि मालदीवमध्ये काझीचे पद मिळाले. इल्म त्याच्यासोबत चालत होते, म्हणून रस्त्याने त्याला पोसले.

आणि आपल्या घरांत वडीलधारी माणसे काय सांगत आली? हजला निघण्याआधी लोकांची देणी फेडा. पुतण्याच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदावर त्याच्या अब्बांची सही आहे. तो निघून गेला, तर हप्ता कोण भरणार? हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. आम्ही सगळे रडण्यात आणि रागावण्यात गुंतलो होतो.

म्हणून आम्ही त्याला वही दिली आणि चार गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. कर्ज किती उरले आहे आणि ते कोण फेडणार. महिन्याचा डिझेल, जेवण आणि दुरुस्तीचा खर्च किती, आणि तो कशातून निघेल. गाडीच्या बदलांना आरटीओची परवानगी कशी मिळते, कारण मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल आपल्याकडे कायद्याला चालत नाही. आणि परत यायचे झाल्यास दार उघडे आहे का. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अनेक ठिकाणी मिळवलेली क्रेडिट जमा ठेवून पुढे शिक्षण चालू करता येते. आपल्या कॉलेजात तशी सोय आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

आई-वडिलांनाही एक विनंती. मूल असे काही बोलले की त्याच्याशी अबोला धरू नका. अबोल्याने मूल थांबत नाही, फक्त पुढच्या वेळी न सांगता निघते.

पुतण्याचा निर्णय अजून झालेला नाही. वहीची तीन पाने भरली आहेत, चौथे कोरे आहे. परवा रात्री जेवताना त्याच्या अब्बांनी ताटातून मान वर न करता विचारले, "काय रे, ती जुनी गाडी कितीला पडते?"

दीड महिन्यात बाप लेकाशी पहिल्यांदा बोलला. वहीतले चौथे पान आता ते दोघे मिळून भरत आहेत.