मिठावरचा ठिपका

वेगवेड : लेखांक सहावा

अमेरिकेत गाड्यांच्या वेगाचे विक्रम जिथे होतात, त्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिल्यांदा गेलेला माणूस पहिल्या तासाभरात बहुधा खट्टूच होतो. अर्धी पृथ्वी ओलांडून तो ताशी पावणेपाचशे किलोमीटरचा वेग बघायला आलेला असतो आणि त्याच्या वाट्याला येतो एक ठिपका. आधी क्षितिजाजवळ पांढरी भुकटी उडताना दिसते. तिच्यापुढे उन्हाच्या झळांत काहीतरी काळं लवलवतं, जमिनीपासून सुटून तरंगल्यासारखं वाटतं. प्रेक्षकांना धावपट्टीपासून चांगलं लांब उभं करतात. अर्ध्या किलोमीटरवरून आवाज पोचायला दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात गाडी दोनशे मीटर पुढे गेलेली असते. आवाज आला म्हणून मान वळवावी, तर तिथे नुसतं मीठ!

लांब ठेवण्यात आयोजकांचा दुष्टावा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘स्पीड डीमन’ ही इथली नावाजलेली गाडी चालवताना क्रिस रॅश्की हा मुरलेला चालक अपघातात गेला. या वेगात सुटलेली गाडी कुठवर जाईल, हे कुणी सांगू शकत नाही.

तर पहिल्या सहलीचा बेत ठिपक्याभोवती आखू नये. ठिपका दिवसातून काही सेकंद दिसतो. बाकीचा सगळा दिवस असतो तो गाड्या बनवणाऱ्या माणसांचा, त्यांच्या हत्यारांच्या पेट्यांचा आणि पायाखालच्या मिठाचा. तो ज्याला बघता आला, त्याची सहल वसूल.

न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचा बर्ट मन्रो या बाबतीत आदर्श म्हणावा. तो बॉनव्हिलला एकूण दहा वेळा गेला, आणि त्यातली पहिली खेप नुसती बघायला होती. घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं ठोकून-घासून तयार केलेली १९२० सालची ‘इंडियन स्काउट’ मोटारसायकल त्याने तिथे पुढे नऊ वेळा पळवली. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने १००० सीसीखालच्या गटात विक्रम केला. त्याच्यावरचा ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा २००५ चा अँथनी हॉपकिन्सचा चित्रपट आपल्याकडेही अनेकांनी पाहिला आणि नावावरून भलतीच समजूत करून घेतली. त्यातला इंडियन म्हणजे भारतीय नव्हे. ते एका अमेरिकन मोटारसायकलीच्या कंपनीचं नाव आहे.

बॉनव्हिलला वर्षातून तीन मोठे मेळे भरतात. ऑगस्टच्या सुरुवातीला स्पीड वीक, सप्टेंबरात वर्ल्ड ऑफ स्पीड आणि हंगाम संपताना, ऑक्टोबरच्या सुमाराला वर्ल्ड फायनल्स. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे झाकून स्पीड वीक निवडावा. १९३७ साली स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९४९ पासून तो भरवते आणि सर्वांत जास्त गाड्या, सर्वांत तऱ्हेवाईक गाड्या तिथेच येतात. सप्टेंबरचा मेळा निवांत असतो असं म्हणतात. पण तो गणपतीच्या दिवसांत येऊ शकतो, तेव्हा मराठी घरात हा विषय काढताना कॅलेंडर बघून काढलेला बरा.

आता अडचणीची गोष्ट. स्पीड वीक होईलच याची खात्री नसते. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं तो रद्द झाला, २०२२ मध्ये पुन्हा रद्द झाला. कारण एकच, पाणी. बॉनव्हिल म्हणजे हिमयुगातल्या एका प्रचंड सरोवराचा आटलेला तळ. हिवाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, वारा तो थर सगळीकडे फिरवतो, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मागे मिठाची सपाट, कडक पापडी उरते. निसर्गच दरवर्षी हा रस्ता नव्याने घालतो. पण ऐन ऑगस्टमध्ये दोन सरी जास्त पडल्या की रस्त्याचं पुन्हा तळं होतं. त्यामुळे विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्यावं. मुंबईहून अमेरिकेचा पर्यटक व्हिसा मिळवण्याची रांग लक्षात घेता केवळ या एका आठवड्यासाठी सगळा घाट घालणं धाडसाचं आहे. मुलगा-मुलगी तिकडे असतील, त्यांच्याकडचा मुक्काम ठरलेला असेल, तर त्यात हे चार दिवस बसवणं शहाणपणाचं.

कॅलिफोर्नियात बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हे फारच सोयीचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेला निघणारा इंटरस्टेट ८० हा महामार्गच थेट बॉनव्हिलच्या कडेने जातो. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सगळा दिवस गाडीत. विमानाने येणाऱ्याने सॉल्ट लेक सिटीला उतरावं. तिथून पश्चिमेला सुमारे १९० किलोमीटरवर वेंडोव्हर हे गाव लागतं. या गावाचे राज्यांच्या सीमेने दोन तुकडे केले आहेत. पूर्वेचा तुकडा युटामध्ये, पश्चिमेचा नेवाडामध्ये. युटात जुगाराला बंदी, नेवाडात मुभा. साहजिकच मोठी हॉटेलं आणि कॅसिनो सगळे सीमेच्या पलीकडे. नेवाडाचं घड्याळ एरवी युटाच्या एक तास मागे असतं, पण वेस्ट वेंडोव्हर युटाच्याच वेळेवर चालतं, म्हणून सकाळी उठण्याचा घोटाळा होत नाही. खोली मात्र काही महिने आधी ठरवावी. स्पीड वीकला चालकांचे ताफेच्या ताफे तिथे उतरतात. मिठावर तंबू ठोकायला परवानगी नाही.

वेंडोव्हरपासून जवळच महामार्ग सोडला की काही किलोमीटर डांबरी रस्ता असतो आणि मग तो एकदम संपतो. पुढे फक्त पांढरं. नवखा माणूस इथे गाडी थांबवून खाली उतरतो आणि चिमूटभर उचलून जिभेवर ठेवतो. तसं करावंच, कारण खारट लागल्याशिवाय डोळ्यांवर विश्वास बसत नाही. भाईंदर-उरणकडची मिठागरं पाहिलेल्या माणसालाही हे नवं असतं. आपल्याकडे मीठ ढिगात दिसतं, इथे ते जमीन म्हणून दिसतं. मध्यावर त्याचा थर काही ठिकाणी दीड मीटरपर्यंत जाडीचा भरतो, तर कडेला इंचभरही नसतो. जिथे इंचभर आहे तिथे खाली चिखल असतो आणि गाडी त्यात बसली की बसली. आखून दिलेल्या वाटेने जायचं, शहाणपणा करून मोकळ्यावर गाडी घालायची नाही. १८४६ मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या डॉनर मंडळींच्या बैलगाड्या याच खाऱ्या वाळवंटात रुतल्या, बैल गमावले, दिवस वाया गेले, आणि त्या उशिरामुळे पुढे डोंगरात बर्फाने गाठून त्यांची जी दैना झाली ती अमेरिकेत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते.

हे मीठ कमी होत चाललंय, हेही तिथल्या माणसांशी दोन वाक्यं बोललं की कानावर येतं. एकेकाळी १३ मैलांची धावपट्टी आखता येई. आता आठ मैल मिळाले तरी पुष्कळ. महामार्गाच्या दक्षिणेला पोटॅश काढण्याचा धंदा गेली कित्येक दशकं चालू आहे. ऱ्हासाला तो किती जबाबदार आणि निसर्ग किती, यावर वाद आहेत. खारं पाणी परत मिठावर सोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ज्याला जायचंच आहे त्याने फार वर्षं पुढे ढकलू नये.

मेळ्याचं तिकीट प्रवेशद्वारावर मिळतं आणि त्या तिकिटात खरा खजिना उघडतो, तो म्हणजे पिट. फॉर्म्युला वनमध्ये जिथे पाऊल टाकायला वशिला किंवा लाखो रुपये लागतात, तशा जागेत इथे कुणीही हिंडू शकतं. ताडपत्रीच्या सावलीत इंजिन उघडं पडलेलं असतं, कुणीतरी पालथं पडून नट आवळत असतं आणि पाण्याची बाटली पुढे केली तर पंधरा मिनिटं गप्पा होतात. इथे बक्षिसाची रक्कम नसते. निवृत्त शिक्षक, वेल्डर, आजोबा आणि नातू, सगळे पदरचे पैसे घालून आलेले. त्यामुळे लपवण्यासारखं फार काही नसतं आणि सांगण्यासारखं भरपूर असतं.

पिटमध्ये हिंडताना गाड्यांच्या जाती ओळखता आल्या तर मजा वाढते. चाकं अंगाच्या आत झाकलेली, सुरळीसारखी लांबलचक ती स्ट्रीमलायनर. चाकं बाहेर उघडी असलेली ती लेकस्टर. जुन्या लेकस्टरांचं पोट बघून कुणाला विमान आठवलं तर ते बरोबरच आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांखाली इंधनाच्या जादा टाक्या लावत, माशासारख्या निमुळत्या. बिल बर्क नावाच्या गड्याने युद्धात त्या पाहिल्या आणि परत आल्यावर अशाच एका टाकीत इंजिन आणि स्वतःला कोंबून १९४६ मध्ये गाडी केली. भंगारातली टाकी स्वस्त आणि हवा कापायला उत्तम! याशिवाय रोडस्टर, जुने ट्रक, स्कूटरएवढ्या मोटारसायकली. प्रत्येकाचा गट वेगळा आणि प्रत्येक गटाचा विक्रम वेगळा, म्हणून ताशी शंभर किलोमीटरची गाडीसुद्धा इथे विक्रम करून जाऊ शकते.

लाल टोपी घातलेला म्हातारा दिसला तर आदराने नमस्कार करावा. तो बहुधा ‘२०० माइल्स पर अवर क्लब’चा सभासद असतो. तिथे वर्गणी भरून शिरता येत नाही. ताशी २०० मैलांच्या, म्हणजे ३२२ किलोमीटरच्या वर विक्रम करावा लागतो.

विक्रमाचा नियम समजून घेतला नाही तर अर्धा खेळ डोक्यावरून जातो. एकदा जोरात पळून चालत नाही. आधीच्या विक्रमापेक्षा जास्त वेग आला की ती गाडी इम्पाउंड नावाच्या राखलेल्या आवारात जाते. तिथे तिच्यावर काम करायला चार तास मिळतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धाव, आणि दोन्ही धावांची सरासरी हा विक्रम. सर्वंकष जागतिक विक्रमाचा नियम आणखी कडक आहे. तिथे दोन धावा विरुद्ध दिशांनी आणि तासाभराच्या आत व्हाव्या लागतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळत नाही. १९६० मध्ये मिकी थॉम्सनने ‘चॅलेंजर’ घेऊन एका दिशेने ताशी ४०६.६० मैल गाठले, परतीच्या धावेत गाडी मोडली, आणि हाती काही लागलं नाही. १९६८ मध्ये त्याने ‘चॅलेंजर २’ बांधली; पावसाने मीठ भिजवलं. पन्नास वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, त्याचा मुलगा डॅनी याने तीच गाडी नव्याने उभी करून ताशी ४४८.७५७ मैलांचा, म्हणजे ७२२ किलोमीटरचा विक्रम नोंदवला.

सरासरीत आकडेमोड चुकते, हेही झालं आहे. मन्रोच्या १९६७ च्या विक्रमाचं गणित मांडताना गफलत झाल्याचं त्याच्या मुलाच्या लक्षात आलं आणि २०१४ मध्ये, मन्रो जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, त्याचा वेग ताशी १८३.५८६ वरून १८४.०८७ मैल असा दुरुस्त झाला. अर्धा मैल म्हणजे चेष्टा नव्हे. इथे लोक अर्ध्या मैलासाठी घर गहाण टाकतात.

म्हणून नवख्याने निदान एका दिवशी अंधारात उठावं. उजाडता उजाडता विक्रमाच्या धावा सुरू होतात. हवा गार, मीठ निळसर, आणि कालपर्यंत पिटमध्ये थट्टामस्करी करणारी माणसं एकाएकी गप्प. नंतर सुरुवातीच्या रेषेजवळ जावं. तिथे गाडी जवळून दिसते आणि एक गंमत कळते. ताशी ५०० किलोमीटरसाठी बांधलेली ही यंत्रं स्वतःहून नीट निघूही शकत नाहीत. मागून एक ट्रक त्यांना ढकलत नेतो, थोडा वेग धरला की ट्रक बाजूला होतो, आणि मग इंजिनाचा खरा आवाज फुटतो. गाडी लांब गेली की आपल्या गाडीतला रेडिओ लावून निवेदन ऐकावं. प्रत्येक मैलाचा वेग तिथेच कळतो. दुर्बीण हवीच.

अंगाची काळजी हा विषय हसण्यावारी नेऊ नये. ही जागा समुद्रसपाटीपासून १२८० मीटरच्या वर आहे, सावलीला एक झुडूप नाही, आणि पांढरं मीठ ऊन खालून परत फेकतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, कानांच्या मागे भाजलेली माणसं दरवर्षी दिसतात. अर्ध्या चड्डीत हिंडणारे तर मांड्यांच्या आतल्या बाजूने भाजतात, आणि ते दुखणं कुणाला दाखवताही येत नाही. पांढरा सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार, बंद बूट, गडद चष्मा आणि चहूबाजूंनी काठ असलेली हॅट. गांधी टोपीचा इथे उपयोग नाही. सावली आपली आपण न्यायची, पाणी वाटेल त्याच्या दुप्पट न्यायचं.

दुपारी ऊन असह्य झालं की वेंडोव्हरच्या जुन्या विमानतळावर जावं. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’च्या पथकाने इथेच सराव केला होता, ते विमान ज्या हँगरमध्ये ठेवत, तो अजून उभा आहे.

राहता राहिली गाडी. भाड्याची असेल तर करारात डांबरी रस्ता सोडून चालवण्याला मनाई आहे का, ते आधी वाचून घ्यावं, कारण बहुतेक करारांत ती असते. मिठावरून फिरलेल्या गाडीच्या चाकांवर आणि पोटाखाली ओलं मीठ चिकटतं, वाळतं आणि सिमेंटसारखं बसतं. संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर स्वतःच्या आंघोळीच्या आधी गाडीची आंघोळ, तीही खालून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने. एका धुण्यात ते निघत नाही.

(पुढील लेखांकात : नेवाडाचं ब्लॅक रॉक वाळवंट आणि १५ ऑक्टोबर १९९७ ची सकाळ, जेव्हा अँडी ग्रीनची ‘थ्रस्ट एसएससी’ जमिनीवरून आवाजाच्या पुढे गेली.)