भिंतीची ओल आणि रंगाची घाई

वर्षावास संपत येतो आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी घराला रंग देण्याची घाई सुरू होते. पावसात भिंतीला फुगारे आलेले असतात, पोपडे सुटलेले असतात. ऑईलपेंटचा डबा आणून डाग झाकला जातो आणि पुढच्या आषाढात तो त्याच जागी पुन्हा दिसतो. पैसे गेले ते गेलेच, शिवाय बुरशीमुळे लेकरांचा खोकला आणि म्हाताऱ्यांचा दमा वाढतो तो वेगळाच.

ओल कोठून येते हे डागाच्या जागेवरून बरेचसे कळते. छताजवळचा डाग फुटलेल्या कौलाचा किंवा तुंबलेल्या पन्हाळीचा असतो. मोरीलगतचा डाग उन्हाळ्यातही वाळत नसेल तर नळ पाझरतो आहे असे समजावे. जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेली, पांढरा लोणा फुटलेली ओल जमिनीतून येते. आपल्या वस्त्यांत हेच जास्त आढळते, कारण रस्ता दर वेळी उंच होतो आणि घराचे जोते खाली जाते. भिंतीला टेकलेली माती व राबिट काढून पाण्याला उतार द्या. हे काम फुकटात होते आणि निम्मा त्रास येथेच कमी होतो.

तरी शंका राहिली तर डागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. दोन दिवसांनी आतल्या अंगाला थेंब दिसले तर ओल भिंतीतली आहे. वरच्या अंगाला दिसले तर ती स्वयंपाकाची वाफ आहे. त्याला खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय.

जुन्या विटा-चुन्याच्या भिंतीला ऑईलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा देऊ नये, मग पेंटर काहीही म्हणो. आतले पाणी कोंडते आणि आणखी वर चढते. सुटलेला रंग खरवडताना तो आधी ओला करावा. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर कायद्याने मर्यादा आली ती २०१७ पासून. त्यामुळे मुलांना व गरोदर बाईला त्या खोलीत थांबू देऊ नये. बटणांच्या बोर्डाजवळ ओल असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, धुऊ नये. धुतल्याने क्षार पुन्हा भिंतीत मुरतात.

भिंत वाळायला वेळ लागतो. एक इंच जाडीला एक महिना असा जुन्या गवंड्यांचा हिशेब असतो. म्हणजे नऊ इंची भिंत उन्हाळ्यापर्यंत जाते. सणापुरता विरवलेल्या, गाळलेल्या चुन्याचा पातळ हात दोनतीनदा द्यावा. त्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडतो आणि बुरशीही लवकर धरत नाही. कळीचा चुना घरात विरवताना तो उकळून उडतो, डोळे जपावेत.

बाबासाहेबांच्या ग्रंथांचे कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींमागे बाटलीच्या बुचाचे दोन तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून वारा खेळतो व कागदाला डाग पडत नाहीत.