राजापूर लोकसभा मतदारसंघ

महाराष्ट्र राज्यातील दक्षिण कोकणाचा एक भूतपूर्व लोकसभा मतदारसंघ. १९५७ च्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून २००४ च्या चौदाव्या लोकसभेच्या निवडणुकीपर्यंत तो अस्तित्वात होता. २००८ मध्ये झालेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत तो विसर्जित झाला व त्याचा बहुतेक प्रदेश नव्या रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघात समाविष्ट करण्यात आला. ह्या मतदारसंघात एकूण तेरा निवडणुका झाल्या आणि त्यांतून केवळ चार व्यक्ती लोकसभेवर निवडून आल्या : नाथ पै (तीन वेळा), मधू दंडवते (पाच वेळा), सुधीर सावंत (एकदा) व सुरेश प्रभू (चार वेळा). पहिल्या आठ निवडणुकांत समाजवादी परंपरेच्या उमेदवारांनी तो सलग राखला. काँग्रेस पक्षास येथे एकदाच यश मिळाले. मुंबईस नोकरीधंद्यासाठी गेलेल्या माणसांवर ज्याचे अर्थकारण उभे आहे, अशा प्रदेशाचे प्रतिनिधित्व ह्या दृष्टीने त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

प्रदेश व सीमा : पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५२) तत्कालीन मुंबई राज्यातील रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी उत्तर व रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते आणि ते दोन्ही काँग्रेसने जिंकले. उत्तरेकडून आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले, तर दक्षिणेकडून मोरेश्वर जोशी निवडून आले. १९५७ मध्ये ह्यांची जागा रत्नागिरी व राजापूर ह्या दोन मतदारसंघांनी घेतली. १९७१ च्या जनगणनेच्या आधारे झालेल्या पुनर्रचनेनंतर राजापूर मतदारसंघात सावंतवाडी, वेंगुर्ला, कणकवली, मालवण, देवगड व राजापूर हे सहा विधानसभा मतदारसंघ मोडत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला. तेव्हापासून ह्या सहांपैकी पाच मतदारसंघ सिंधुदुर्ग जिल्ह्यात व एकटा राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात, अशी स्थिती निर्माण झाली. अर्थात ज्या नगरावरून मतदारसंघास नाव मिळाले, ते त्याच्या अगदी उत्तर टोकास आणि दुसऱ्याच जिल्ह्यात राहिले. १९४८ मध्ये विलीन झालेल्या सावंतवाडी संस्थानचा मुलूखही ह्याच मतदारसंघात होता.

सह्याद्री व अरबी समुद्र ह्यांमधील हा चिंचोळा, डोंगराळ प्रदेश खाड्यांनी तुटलेला आहे. भातशेती, आंबा, काजू, नारळ आणि मासेमारी ही येथील उपजीविकेची साधने. जमीन थोडी व तिचे तुकडे फार, त्यामुळे कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कापड-गिरण्यांत, गोदीत व कचेऱ्यांत कामास जात आणि गावाकडील संसार टपालाने येणाऱ्या मनिऑर्डरीवर चाले. २००१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या रत्नागिरी जिल्ह्यात १,१३६ व सिंधुदुर्ग जिल्ह्यात १,०७९ होती. गावातील मतदार-यादीत स्त्रियांचे आधिक्य आणि राजकीय विचारांचा पुरवठा मात्र मुंबईतून, हे येथील निवडणुकांचे दीर्घकाळचे वैशिष्ट्य होय.

नाथ पै यांचा कालखंड (१९५७–७१) : १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्याविरुद्धचा असंतोष पश्चिम महाराष्ट्र व कोकण ह्या भागांत तीव्र होता. गिरणगावातील कोकणी कामगार ह्या चळवळीत अग्रभागी असल्याने तिचे पडसाद गावोगावी उमटले. संयुक्त महाराष्ट्र समितीतील एक घटक असलेल्या प्रजासमाजवादी पक्षाचे उमेदवार बॅ. नाथ पै राजापूरमधून विजयी झाले. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघात जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. विरोधी मत चळवळीच्या प्रवाहात एकवटले होते, हे ह्या दोन भिन्न पक्षांच्या यशावरून दिसते.

नाथ पै (१९२२–७१) हे मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांचे संसदीय वक्तृत्व देशभर गाजले. १९६२ पर्यंत महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन चळवळीचा जोर ओसरला होता व समितीही विस्कळीत झाली होती. त्या वर्षी राज्यातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या, तरी राजापूरने नाथ पै यांनाच निवडून दिले. त्यांच्यामागील पाठिंबा केवळ चळवळीच्या लाटेचा नव्हता, हे ह्यावरून स्पष्ट होते. १९६७ मध्ये ते तिसऱ्यांदा विजयी झाले. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेस मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असा निर्णय त्याच वर्षी दिला. तेव्हा घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करण्यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. तथापि त्यावरील चर्चेने १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीची वैचारिक पूर्वतयारी झाली. एका दूरस्थ व रेल्वेविरहित भागाचा प्रतिनिधी राष्ट्रीय घटनात्मक वादाच्या केंद्रस्थानी असणे, ही गोष्ट मतदारांना अभिमानाची वाटे.

जानेवारी १९७१ मध्ये सीमाप्रश्नातील हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी बेळगाव येथे गेले असता १८ जानेवारी रोजी नाथ पै यांचे हृदयविकाराने निधन झाले. चौथी लोकसभा त्यापूर्वीच, डिसेंबर १९७० मध्ये, विसर्जित झालेली असल्याने पोटनिवडणुकीचा प्रसंग आला नाही.

मधू दंडवते यांचा कालखंड (१९७१–९१) : मार्च १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाने प्रा. मधू दंडवते (१९२४–२००५) यांना उमेदवारी दिली. ते अहमदनगरचे, व्यवसायाने मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकीचे प्राध्यापक. जन्माने ते ह्या मतदारसंघातील नव्हते. इंदिरा गांधींच्या काँग्रेसने राज्यातील ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या आणि प्रजासमाजवादी पक्षास साऱ्या देशात दोनच जागा मिळाल्या. त्यांतील एक राजापूरची होती.

आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) दंडवते कारावासात होते. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे ते पुन्हा निवडून आले आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांस त्यांनी पुन्हा सेवेत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसविण्याचा निर्णयही त्यांचाच. १९८० मध्ये जनता पक्षाची वाताहत झाली, तरी राजापूरची जागा त्यांनी राखली. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यातील ४८ पैकी ४३ जागा मिळविल्या, तेव्हा जनता पक्षास राज्यात जी एकमेव जागा मिळाली तीही राजापूरचीच. १९८९ मध्ये जनता दलाचे उमेदवार म्हणून ते पाचव्यांदा विजयी झाले व विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

समाजवादी पक्षांची राज्यातील संघटना खिळखिळी होत असता हा मतदारसंघ त्यांच्याकडे टिकून राहिला, ह्याची कारणे अनेक आहेत. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, शिक्षक, ग्रंथालये व मुंबईतील गावमंडळे ह्यांच्याद्वारे समाजवादी विचार गावांपर्यंत पोहोचला होता. सहकारी साखर कारखान्यांसारखी काँग्रेसची सत्ताकेंद्रे येथे निर्माण झाली नव्हती. लोकसभेसाठी व्यक्तीची योग्यता पाहून मत देण्याचा प्रघातही रुजला होता.

कोकण रेल्वेचा प्रश्न : मुंबई व कोकण ह्यांना जोडणाऱ्या रेल्वेची मागणी ह्या मतदारसंघाच्या राजकारणाचा कणा होती. बोट वाहतूक पावसाळ्यात बंद पडे आणि घाटवळणांचा रस्ता एकच असे. त्यामुळे चाकरमान्याच्या दृष्टीने हा प्रश्न घरी जाता येण्या–न येण्याचा होता. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्यांनी मांडलेली ही मागणी नाथ पै यांनी संसदेत लावून धरली व दंडवते यांनी ती तडीस नेली. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रोहे येथे कामाचा प्रारंभ झाला. पुढच्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत दंडवते पराभूत झाले. संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी.

१९९१ नंतरचा कालखंड : १९९१ मध्ये काँग्रेसचे उमेदवार व निवृत्त सेनाधिकारी सुधीर सावंत विजयी झाले. समाजवाद्यांच्या चौतीस वर्षांच्या प्रतिनिधित्वाचा हा शेवट होता. ह्या बदलाचे मूळ मुंबईतही शोधावे लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडकळीस आले आणि कोकणी कामगारांची जुनी संघटनात्मक चौकट ढासळली. १९६६ मध्ये स्थापन झालेली शिवसेना त्याच वस्त्यांतून वाढली होती. तिने १९८५ नंतर मुंबईबाहेर विस्तारास प्रारंभ केला, तेव्हा चाकरमान्यांच्या मार्फत ती सर्वप्रथम कोकणात रुजली. जो दुवा पूर्वी समाजवाद्यांना उपयोगी पडला, तोच आता शिवसेनेस उपकारक ठरला.

१९९६ मध्ये शिवसेनेने व्यवसायाने सनदी लेखापाल असलेल्या सुरेश प्रभू यांना उमेदवारी दिली व ते विजयी झाले. १९९८, १९९९ व २००४ मध्येही त्यांनी ही जागा राखली. अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळांत त्यांनी उद्योग, पर्यावरण, रसायने व खते आणि ऊर्जा ही खाती सांभाळली. २००३ च्या विद्युत कायद्याची पायाभरणी त्यांच्या कारकीर्दीत झाली. २००२ मध्ये पक्षाच्या आदेशावरून त्यांनी ऊर्जामंत्रिपदाचा राजीनामा दिला व त्यांच्या जागी शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघातील शिवसेनेचे खासदार अनंत गीते आले. सुशिक्षित व अभ्यासू प्रतिनिधी निवडण्याची राजापूरची परंपरा प्रभूंच्या रूपाने टिकली. मात्र विजयाचा आधार आता व्यक्तीपेक्षा संघटना हा होता. ह्या संघटनेचे जिल्ह्यातील प्रमुख नेते नारायण राणे २००५ मध्ये शिवसेनेबाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले आणि त्याच वर्षी मालवण विधानसभा पोटनिवडणुकीत विजयी झाले. त्यामुळे पक्षाचा येथील पाया दुभंगला.

विसर्जन : १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची संख्या गोठविली होती. २००१ व २००३ च्या घटनादुरुस्त्यांनी ती संख्या तशीच ठेवून राज्यांतर्गत सीमांची फेररचना २००१ च्या जनगणनेनुसार करण्याची तरतूद केली. महाराष्ट्राच्या वाट्यास लोकसभेच्या ४८ व विधानसभेच्या २८८ जागा कायम राहिल्या. परंतु ठाणे व पुणे ह्यांसारख्या वाढत्या जिल्ह्यांना अधिक जागा देणे भाग होते आणि त्या अन्य भागांतून कमी कराव्या लागल्या. सिंधुदुर्गच्या विधानसभा जागा पाचांवरून तीन व रत्नागिरीच्या सातांवरून पाच झाल्या. दोन जिल्ह्यांच्या मिळून बारा जागांच्या आठ झाल्याने सहा विधानसभा मतदारसंघांचे दोन लोकसभा मतदारसंघ येथे बसेनात. राजापूर व रत्नागिरी ही दोन्ही नावे स्वतंत्र रूपात संपुष्टात आली. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी हे सहा मिळून रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला आणि दापोली व गुहागर रायगड मतदारसंघास जोडले गेले.

ह्या नव्या मतदारसंघात २००९ मध्ये काँग्रेसचे नीलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला. २०१४ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत सु. दीड लाख मताधिक्याने व २०१९ मध्ये त्याहून मोठ्या मताधिक्याने निवडून आले. दोन्ही वेळा नीलेश राणे पराभूत झाले. राजापूर तालुक्यातील जैतापूर अणुविद्युत् प्रकल्प व नाणार येथील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्प ह्यांना झालेला विरोध हा ह्या काळातील प्रमुख विषय. त्यांपैकी नाणारची भूसंपादनविषयक अधिसूचना २०१९ च्या निवडणुकीपूर्वी मार्चमध्ये रद्द झाली. २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे यांनी शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) विनायक राऊत यांचा सु. ४८ हजार मतांनी पराभव केला. भाजपचा ह्या मतदारसंघातील हा पहिलाच विजय.

मूल्यमापन : राजापूर मतदारसंघाने देशास एक रेल्वेमंत्री व अर्थमंत्री, एक ऊर्जामंत्री आणि एक श्रेष्ठ संसदपटू दिला. प्रभू हे पुढे २०१४ ते २०१७ मध्ये राज्यसभेचे सदस्य म्हणून रेल्वेमंत्रीही झाले. तथापि मतदारसंघाचा शेवट कोणत्याही पक्षाच्या पराभवाने झाला नाही, तर लोकसंख्येच्या हिशेबाने झाला. २००१ ते २०११ ह्या दशकात सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ व रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ अशी घटली. एका मताचे मूल्य सर्वत्र समान असावे, ह्या न्याय्य तत्त्वानुसारच सीमा आखल्या जातात. पण ज्या प्रदेशाने आपली माणसे महानगरास पुरविली, त्याच्या प्रतिनिधित्वाचा वाटा त्या माणसांबरोबरच महानगराकडे जातो. मुंबई–ठाण्याच्या उपनगरांत वाढलेल्या जागांमागे कोकणातील रिकाम्या घरांचाही हिस्सा आहे. रेल्वे आली, परंतु स्थलांतर थांबले नाही. जनगणनेवर आधारित प्रत्येक पुनर्रचनेत हा पेच दक्षिण कोकणापुढे पुनःपुन्हा उभा राहणारा आहे.