दर बदलला, कागद किती बदलायचे?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघते. लोहखनिजावर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो १८ टक्के झाला. अशा वेळी हिशेबनीस नवा दर लक्षात ठेवतो, पण संगणकातून निघणाऱ्या कागदांचे काय?

समजा, एखादा खनिज व्यापारी बिल, चलान आणि महिन्याचा गोषवारा असे तीन कागद काढतो. व्यवहाराची नोंद एक्सएमएल फाइलीत असते. ती कागदावर कशी मांडायची हे एक्सएसएल फाइल सांगते. तिला स्टाइलशीट म्हणतात. कागद तीन, म्हणून स्टाइलशीटही तीन. पेढीचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, अटी आणि दर तिन्हींत वेगवेगळे लिहिले असतील, तर बदल करताना एखादी फाइल हमखास राहते. चलानावर ५ आणि बिलावर १८ टक्के दिसले की माल घेणारा पैसे अडवून धरतो.

यावरचा उपाय १९९९ साली ठरलेल्या एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. तिन्हींत सारखा असलेला भाग चौथ्या फाइलीत ठेवावा आणि बाकीच्यांनी तो मागवावा. मागवण्याच्या आज्ञा दोन आहेत. 'इन्क्लूड'ने आणलेला मजकूर आपण स्वतः लिहिल्यासारखाच धरला जातो. एकाच नावाचा साचा दोन ठिकाणी आला तर चूक दाखवली जाते. 'इम्पोर्ट'ने आणलेल्या मजकुराचा मान कमी असतो. दोन्हीकडे एकच साचा असेल, तर आपला चालतो. चलानाचा मथळा थोडा निराळा हवा असेल, तर इम्पोर्टच सोयीचा. मात्र इम्पोर्टची ओळ फाइलीत इतर सर्व आज्ञांच्या आधी यावी लागते. नवखे इथेच अडतात.

रकमेचा स्वल्पविरामही या चौथ्या फाइलीतच ठेवावा. पहिल्या आवृत्तीतली आकडे मांडण्याची सोय सारख्याच अंतराने विराम देते, म्हणून १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ असे छापले जाते. लाख-कोटींचा साचा आपणच लिहावा लागतो. तो तीनदा कशाला लिहायचा?

पेढीचा पत्ता आणि अटी हा तर निव्वळ मजकूर. तो वेगळ्या एक्सएमएल फाइलीत ठेवून 'डॉक्युमेंट' या सोयीने वाचून घ्यावा. मग पत्ता बदलताना स्टाइलशीटला हात लावावा लागत नाही.

राहिला कराचा दर. तोही चौथ्या फाइलीत टाकावा असे वाटेल, पण तसे करू नये. सप्टेंबर २०२१ चे जुने बिल तपासणीसाठी पुन्हा छापले, तर त्यावर १८ टक्के उमटतील आणि मूळ प्रतीशी मेळ बसणार नाही. दर त्या त्या बिलाच्या नोंदीतच असावा. स्टाइलशीटने तो फक्त छापावा.