जुना ट्रॅक्टर थंडीत सुरू होत नाही? आधी सायलेन्सरचा धूर पाहा

रब्बीच्या तोंडावर जुना ट्रॅक्टर घेतला, व्यवहाराच्या दिवशी एका सेल्फला सुरू झाला आणि घरी आणल्यावर रोज सकाळी ढकलायला चार माणसे लागतात, असे अनेकदा घडते. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवलेले असू शकते, आणि तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. म्हणून तपासणी रात्रभर थंड झालेल्या इंजिनवरच करावी. इंजिन खोलायचा खर्च मान्य करण्याआधी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

डिझेल इंजिनमध्ये ठिणगी नसते. पिस्टन हवा साधारण १६ ते १८ पट दाबतो, दाबाने ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल पेटते. निफाडसारख्या भागात पारा १० अंशांखाली गेला की आत येणारी हवा गार, सिलिंडरही गार. त्यात सेल्फ संथ फिरला, तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि हवी तेवढी उष्णता तयारच होत नाही.

त्यामुळे आधी फिरण्याचा वेग पाहावा. रात्रभर उभी असलेली १२ व्होल्टची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. नवी घेण्याआधी टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासून घट्ट करावी. सेल्फ मारल्यावर वायरचे टोक गरम लागले, तर दोष त्या जोडात आहे. पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा जाड ऑइल भरलेले असले तरी इंजिन जड फिरते. क्लच दाबून सेल्फ मारल्यास गिअरबॉक्समधील थंड तेलाचा भार कमी होतो.

इंजिन जोरात फिरते, तरी पेटत नाही

आता एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने सायलेन्सर पाहावा. धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. इंजिन बंद करण्याचा खटका पूर्ण मागे बसला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. गंजलेल्या केबलमुळे तो अर्धवट राहतो आणि मिस्त्री मात्र डिझेल पंप खोलून बसतो!

खटका ठीक असेल, तर बहुतेक वेळा लाइनने हवा धरलेली असते. सकाळी सेल्फ मारण्याआधी हातपंप मारून पाहावा. तो बराच वेळ हलका लागला, मग घट्ट झाला आणि त्यानंतर ट्रॅक्टर लगेच सुरू झाला, तर रात्रीतून डिझेल मागे उतरले असे समजावे. ‘कुठेच गळत नाही’ हा पुरावा धरू नये. टाकी ते फीडपंप या भागात पंप डिझेल ओढतो, त्यामुळे तिथल्या फटीतून डिझेल बाहेर न येता हवा आत जाऊ शकते. तांब्याचे वायसर, गाळ साचणाऱ्या वाटीचे रबर आणि तडकलेले पाइप बदलावेत, मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. हे काम थोडक्यात भागते.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण जळत नाही. हीटर असल्यास तो तापतो का पाहावे, नोझल काढून पंपवाल्याकडे दाबावर तपासून घ्यावेत. रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

एवढे करूनही फरक नसेल, तर कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्यावे. आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये एक-दोन चमचेच इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा-लायनर झिजलेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये, म्हणजे हेडचे काम आधी. ही मोजणी न करता ‘पूर्ण इंजिन करावे लागेल’ म्हणणाऱ्याला होकार देऊ नये.

हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नये, स्फोट होऊ शकतो. जमिनीवर उभे राहून पान्याने सेल्फ जोडण्याचा प्रकारही टाळावा. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच अंगावर येतो.