मामा तलावाच्या पाळीवर

कोकणातल्या वाड्यांचं कौतुक नागपूरकरांना फार. सुट्टी लागली की दापोली-गुहागर गाठायचं आणि परत आल्यावर नारळी-पोफळीचं वर्णन महिनाभर ऐकवायचं. पाण्याच्या काठावर अख्खं गाव कसं जगतं हे पाहायला मात्र एवढं लांब जायची गरज नाही. मुंबई-कोलकाता महामार्गानं भंडारा ओलांडून साकोलीकडं निघालं की झाडीपट्टी सुरू होते आणि गावागणिक तलाव दिसू लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून हे जुने तलाव सुमारे सात हजार आहेत. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’. लोक आणि वर्तमानपत्रं त्यांना सरळ मामा तलाव म्हणतात.

तलाव कोणाचे?

गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन बक्षीस, असा रिवाज होता. या कामात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. उतार बघून पाणी कुठं अडेल हे त्यांना नेमकं कळे. धान आणि ऊस ही त्यांची पिकं, आणि दोन्हींना पाणी लागतं. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा अवाढव्य तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे हा तलाव मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला.

इंग्रजी अमलात गावचा सारा गोळा करणारा मालगुजार तलावाचाही मालक ठरला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जनावरांना पाणी, घरगुती वापर असे गावाचे निस्तार हक्क कागदावर राहिले. पाळीवर दरवर्षी माती टाकण्याचं गावाचं काम मात्र टेंडरवर गेलं आणि तिथंच दुखणं सुरू झालं.

पाळ, तुडूम, सलंग

रचना साधी आहे. उताराला आडवी मातीची पाळ. जास्तीचं पाणी बाहेर काढणारा सांडवा म्हणजे सलंग. शेताला पाणी सोडण्याची सोय म्हणजे तुडूम. जुन्या तुडुमाला वरून खाली एकेक भोक असतं आणि प्रत्येकाला बूच. पातळी उतरेल तसं खालचं बूच काढायचं, म्हणजे पाणी नेहमी वरच्या थरातलं, बेतानं मिळतं. खाली पाट, पाटाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. एका तलावाचा सलंग बहुधा खालच्या तलावाला किंवा बोडीला पाणी देतो. बोडी म्हणजे शेतकऱ्यानं आपल्याच शेतात बांधलेला धाकटा तलाव. कोणाच्या बांधीत आधी पाणी जाणार हे ठरवायला गावानं नेमलेला पाणकर असे. रोवणीनंतर पावसानं दडी मारली तर गावात सगळ्यात भाव त्यालाच!

उथळ काठाची किंमत

बाहेरच्या माणसाचं लक्ष खोल पाण्याकडं जातं. तलावाचा खरा संसार पाळीच्या समोरच्या, उथळ काठावर असतो. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात मरळ, डाडक यांसारखे गावठी मासे याच बाजूनं वर चढतात आणि बुडालेल्या गवतात, बांध्यांत अंडी घालतात. इथंच देवधान उगवतं, म्हणजे रानटी भात. त्याच्या आडोशानं पाणपक्षी राहतात. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीत गाळपेर होते. काही तलावांत शिंगाडा लावतात. दिवाळीच्या सुमारास नागपूरच्या चौकात हातगाडीवर उकडलेला शिंगाडा मिळतो, तो अशाच पाण्यातला. गोंदियाकडं सारसाची जोडी धानाच्या बांधीत किंवा दलदलीत घरटं करते आणि तेवढा तुकडा शेतकरी कापणीत सोडून देतो. थोडं धान जातं, पण घरटं वाचतं. अशा शेतकऱ्याला कोणी पक्षिमित्र म्हणत नाही.

ढिवरांचे हात

तलावाची मासोळी ढिवर समाजाची. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं मिळतो आणि संस्था त्यात रोहू, कतला, मृगल यांचं बोटुकलं सोडते. जाळं हातानं विणायचं तर बांबूची सपाट सुई आणि एक बांबूचीच पट्टी लागते. प्रत्येक गाठ पट्टीभोवती फिरवून आवळतात, म्हणून पट्टीची रुंदी हेच जाळ्याचं माप. दोन बोटांच्या पट्टीवर विणलेल्या जाळ्यातून लहान मासा निसटतो आणि पुढच्या वर्षाची सोय होते. पूर्वी सूत किंवा सण असे आणि टिकावं म्हणून ते सालीच्या काढ्यात बुडवत. आता नायलॉनचं जाळं आहे. ते कुजत नाही, बाजारात तयार मिळतं आणि त्याचे डोळे बहुधा बारीक असतात. स्वस्ताईचा हा तोटा जाळ्यात दिसत नाही, मासोळी कमी झाल्यावर कळतो.

याच समाजाचा दुसरा धंदा ऐकून शहरातला माणूस चमकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर अनेक ढिवर कुटुंबं जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या पाळतात. अळ्या झाडावरच मोकळ्या वाढतात, म्हणून पाखरं हाकलायला दिवसभर राखण लागते. या काळात सोवळंओवळं कडक. त्या कोशांचा धागा भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या मागावर चढतो. तिथल्या करवतकाठी साडीचा दातेरी काठ विणायला तीन धोटे लागतात, मधल्या अंगाला एक आणि दोन काठांना दोन. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

बुरडांचं सूप, टोपली आणि धान साठवायची ढोली, शिंदीच्या पानांचा फडा, ही कामंही आजूबाजूच्या गावांत चालतात. प्लास्टिकच्या टबापुढे टोपली मागं पडली, सुपाला मात्र अजून पर्याय नाही.

बेशरम आणि जेसीबी

तलावांचे शत्रू दोन. एक बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप गुरं खात नाहीत, कापलेला तुकडा चिखलात पडला तरी रुजतो, आणि बघता बघता सगळा उथळ काठ गिळतो. अर्जुनी मोरगाव भागात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेसोबत ढिवर महिलांनी ते उन्हाळ्यात मुळासकट उपटलं, तळ नांगरला आणि गावठी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ढिवरांनाच ठाऊक होतं.

दुसरा शत्रू मित्राच्या वेशात येतो. गाळ काढायलाच हवा, वादच नाही, आणि तो गाळ शेताला सोनं आहे. पण ठेकेदाराचं जेसीबी कडेपासून कडेपर्यंत एकसारखं खणतं, कारण बिल घनमीटरवर निघतं. उथळ काठ गेला की गावठी माशांची वीण आणि देवधानही गेलं. मग तलाव उरतो तो नुसती पाण्याची टाकी. माझ्या मते मामा तलावाच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ‘इथं खणू नये’ अशी रेघ असलीच पाहिजे, आणि ती कुठं मारायची हे अभियंत्यानं गावातल्या ढिवराला आणि जुन्या पाणकराला विचारून ठरवावं.

जाणार असाल तर

नवेगावबांधला हिवाळ्यात जा, स्थलांतरित पक्षी तेव्हाच असतात. मासोळी संस्थेच्या माणसांकडूनच घ्या. आणि वाटेत आंधळगावला वळलात तर मागावरची साडी बघून भावात घासाघीस करू नका.